जुन्या दगडी घरात पहिला राऊटर: आधी जागा, मग सेटिंग

तुमचा प्रश्न मला असा समजला. साताऱ्यात राजवाड्याजवळच्या पेठेत जुनं घर आहे. खाली दगडमातीच्या जाड भिंती, वर नंतर टाकलेला स्लॅब आणि त्यावर दोन खोल्या. केबलवाल्याकडे १०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन सांगून झालंय, जोडणीचा माणूस परवा येणार आहे. भाच्याने एक ड्युअल बँड (दोन पट्ट्यांवर वायफाय देणारा) राऊटर पाठवून दिलाय. मुलीचा अभ्यास वरच्या खोलीत चालतो. आता फायबरसोबत कंपनी देते त्या डब्याला हा राऊटर जोडायचा, की डबा काढून त्याच्या जागी हा लावायचा, वर रेंज मिळेल का, आणि रिपीटर (वायफाय पकडून पुढे पाठवणारं यंत्र) आत्ताच मागवून ठेवावा का, असं तुम्ही विचारलंय.

रिपीटर मागवू नका, हे आधी सांगतो. कारण पुढे येईलच.

सातारा, वाई, कोरेगाव या भागात घरं, दवाखाने, लहान दुकानं यांची नेटवर्कची कामं मी करतो. नव्याने राऊटर घेणाऱ्या बहुतेकांना सेटिंगची भीती वाटते. खरं तर सेटिंग अर्ध्या तासाचं काम आहे, चुकलं तर पुसून परत करता येतं. सहज परत न करता येणारी गोष्ट एकच: फायबर घरात कुठून येते आणि कुठे संपते. जोडणीवाल्याला दिवसभरात बरीच घरं उरकायची असतात. तो खांबावरून सर्वांत जवळच्या खिडकीत वायर आणतो, तिथेच सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, टीव्हीमागे डबा ठोकतो आणि फोनवर वायफाय लागलं की निघतो. त्याच्या जागी त्याचं बरोबर आहे. पण पुढची कित्येक वर्षं तुमच्या घराची रेंज त्या दहा मिनिटांत ठरून जाते. म्हणून परवा तो येईल तेव्हा घरात थांबा आणि डबा कुठे हवा हे त्याच्या आधी तुम्ही ठरवून ठेवा.

जागेचा एवढा आग्रह का, ते सांगतो. वायफाय दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. राऊटर सुरू केल्यावर दोन नावं दिसतील, त्यातल्या एका नावापुढे बहुधा ५जी लिहिलेलं असेल. त्याचा मोबाईलच्या ५जीशी काही संबंध नाही, तो ५ गिगाहर्ट्झचा पट्टा. तो वेगवान आणि मोकळा असतो, पण भिंतीपुढे लवकर हात टेकतो. २.४ लांब जातो, भिंत जरा जास्त सोसतो, पण त्याच्यावर गर्दी फार. तुमच्या पेठेत भिंतीला भिंत लागून घरं आहेत, प्रत्येकाचा राऊटर याच पट्ट्यावर ओरडतोय. त्यात एकमेकांना न छेदणारे चॅनल (पट्ट्याचे भाग) मोजून तीनच: १, ६ आणि ११.

आणि भिंती. नव्या फ्लॅटमधली चार किंवा सहा इंची विटेची भिंत वायफाय फारसं मनावर घेत नाही. आपल्याकडची जुनी भिंत म्हणजे बाहेरून काळा दगड, मधे माती, दीड-दोन फूट जाडी. शिवाय माती ओल धरते आणि पाणी वायफायच्या लहरी शोषून घेतं. त्यामुळे उन्हाळ्यात माजघरात मिळणारी रेंज श्रावणात मिळेलच असं नाही. अशा घरात ५ गिगाहर्ट्झ एका भिंतीपलीकडे जेमतेम पोहोचतो, दोन भिंतींपलीकडे त्याचा भरवसा धरू नये. स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी असते, तीही अडवते, पण माझा अनुभव असा की जुन्या दगडी भिंतीपेक्षा पाच इंची स्लॅब बरा. म्हणून तुमच्या घरात आडवं जाण्यापेक्षा उभं जाणं सोपं पडेल.

यावरून जागा अशी निघते. डबा सोप्यात नको. जिन्याच्या तोंडाशी, वरच्या खोलीच्या शक्य तितक्या खाली, डोक्याच्या उंचीवर हवा. जिना म्हणजे स्लॅबला पडलेलं मोठं भोक, लहरींना वर जायला तीच मोकळी वाट. लोखंडी कपाट, फ्रीज, मोठा आरसा, माशांची टाकी, टीव्ही यांच्या मागे किंवा अगदी शेजारी डबा नको. शोकेसच्या आत तर मुळीच नको. वायर दिसते म्हणून डबा कपाटात कोंबलेली घरं मी खूप बघतो, आणि मग त्याच घरांतून रेंज नाही म्हणून फोन येतो. वायर केसिंग पट्टीतून नीट नेली की डोळ्याला खुपत नाही.

जोडणीवाला म्हणेल, तिथवर वायर पुरणार नाही. फायबरला घरातल्या दहा-पंधरा मीटर जास्तीच्या लांबीने काहीही फरक पडत नाही, हे त्याला माहीत असतं. जास्तीच्या वायरचे पैसे वेगळे मागितले तर द्या, ते वसूल होतात. फक्त वायर कोपऱ्यात करकचून दुमडू देऊ नका, तिच्यावर खिळा ठोकू देऊ नका. आत काचेचा केसाइतका बारीक धागा आहे. वळण गोलसर हवं, साधारण तीन सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा लहान नको. तुटलेल्या टोकात डोळा घालून बघू नका आणि मुलांनाही बघू देऊ नका. त्यातला लेसर डोळ्यांना दिसत नाही, पण असतो.

काम झाल्यावर त्याला एक आकडा विचारा: डब्यावर येणारी पॉवर, म्हणजे प्रकाशाची ताकद, किती. त्याच्याकडे मीटर असतो, नाहीतर डब्याच्या सेटिंगच्या पानावरही ती दिसते (असं पान कसं उघडायचं ते पुढे येतं). आकडा उणे असतो. उणे १५ ते उणे २४ डीबीएम (हे त्या ताकदीचं माप) यांच्या दरम्यान असेल तर उत्तम. उणे २७ च्या आसपास असेल तर आज चालेल, पण पावसात, वाऱ्यात वारंवार तुटेल. तो आकडा त्याच्यासमोर वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी नेट रडायला लागलं की हाच आकडा पुन्हा विचारायचा. खाली गेला असेल, म्हणजे उणे २० चा उणे २६ झाला असेल, तर दोष बाहेरच्या वायरीत किंवा सांध्यात आहे, तुमच्या राऊटरमध्ये नाही, आणि बोलायला तुमच्या हातात काहीतरी असतं.

आता डबा आणि राऊटर यांचं नातं. इथे एक गोष्ट तुमच्या केबलवाल्यावर अवलंबून आहे, ती मी इथून सांगू शकत नाही: तो कोणता डबा देतो. दोन प्रकार असतात. एकाला फक्त फायबरचं तोंड आणि एखादं लॅनचं (घरातली यंत्रं केबलने जोडायचं) तोंड असतं, वायफाय नसतं. दुसऱ्यात राऊटर आणि वायफाय आतच असतं, अँटेनाही असतात. दोन्ही प्रकारांत फायबरचा प्रकाश विजेच्या संकेतात बदलायचं काम तोच करतो. त्यामुळे तो डबा काढून तुमचा राऊटर त्याच्या जागी लावता येत नाही. भाच्याने पाठवलेल्या राऊटरला फायबरचं तोंडच नसणार.

पहिल्या प्रकारचा डबा आला तर काम सरळ आहे. डब्याच्या लॅनमधून केबल काढायची आणि राऊटरच्या वॅन (बाहेरचं नेट आत घ्यायचं) लिहिलेल्या, बहुधा निळ्या, तोंडात घालायची. मग राऊटरच्या पानावर कनेक्शनचा प्रकार विचारला जातो. केबलवाल्याने युजरनेम आणि पासवर्ड दिला असेल तर पीपीपीओई निवडून ते भरायचं. काही दिलं नसेल तर डायनॅमिक आयपी (पत्ता आपोआप मिळणारा प्रकार). हे त्याला आधीच विचारून कागदावर घ्या, कारण नंतर तो फोन उचलेलच असं नाही. सगळं भरूनही नेट येत नसेल, तर काही ठिकाणी आधी जोडलेल्या यंत्राची ओळख (तिला मॅक म्हणतात) त्यांच्याकडे बांधलेली असते. 'नवा राऊटर लावलाय, मॅक मोकळा करा,' एवढं सांगितलं की त्यांच्याकडून काम होतं.

दुसऱ्या प्रकारचा डबा आला, आणि हल्ली बहुतेक तोच येतो, तर माझा सल्ला असा: त्याला त्याचं काम करू द्या. जिन्याच्या तोंडाशी तो खालचं घर सांभाळेल. तुमचा नवा राऊटर थेट वरच्या खोलीत लावा, आणि दोघांना लॅन केबलने जोडा. रिपीटर घेऊ नका म्हणालो ते यासाठीच. रिपीटर जिथे ठेवाल तिथे आधीच अशक्त झालेली रेंज पकडतो आणि तीच पुढे ढकलतो. शिवाय साधा रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि बोलतो, त्यात वेग निम्म्यावर येतो. फोनवर रेंजचे दांडे भरलेले दिसतात आणि व्हिडिओ मात्र अडकतो. मेश नावाने मिळणारे (एकमेकांशी वायफायने जोडलेल्या यंत्रांचे) महाग संच याच्यापेक्षा चांगले, पण दगडी भिंतीतून त्यांनाही एकमेकांशी बोलायचं असतंच. केबल भिंतीशी वाद घालत नाही. एक केबल ओढायचा त्रास एकदाच होतो.

ती केबल कॅट ६ घ्या, पूर्ण तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते, ती वाकवताना आत तुटते आणि टोकं पकड सोडतात. दुकानदाराला स्पष्ट विचारा, आणि शक्य तर टोक सोलून ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरट निघालं तर परत द्या. लांबीची मर्यादा १०० मीटर आहे, तुम्हाला वीससुद्धा लागणार नाहीत. ती जिन्याच्या बाजूने वर न्या. विजेच्या वायरींच्या पाइपातून नेऊ नका. जाड भिंतीला भोक पाडायची वेळ आलीच तर लांब बिट असलेला माणूस बोलवा. जुन्या मातीत साधं ड्रिल अर्ध्यात अडकतं आणि आतली माती ढासळत राहते.

राऊटर वर जोडताना एक सेटिंग महत्त्वाचं: ॲक्सेस पॉइंट मोड. राऊटरच्या पानावर ऑपरेशन मोड अशा नावाखाली ते असतं. याने तुमचा राऊटर फक्त वायफाय पसरवतो, प्रत्येक फोन-लॅपटॉपला नेटवर्कमधला पत्ता द्यायचं काम खालचा डबा एकटाच करतो. हे न करता जोडलंत तरी नेट चालेल, पण घरात दोन कारभारी होतात. वरच्या फोनला खालचा प्रिंटर दिसत नाही, आणि दोन्ही यंत्रांचा पत्ता १९२.१६८.१.१ असाच निघाला तर काहीच धड चालत नाही. जुन्या राऊटरमध्ये हा मोड नसतो. तेव्हा त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ असा बदलायचा (खालच्या डब्याचा पत्ता वेगळा असेल तर त्याच्या शेजारचा एखादा), डीएचसीपी, म्हणजे हेच पत्ते द्यायचं काम, बंद करायचं, आणि केबल वॅनमध्ये न घालता लॅनच्या तोंडात घालायची.

हे पान उघडायचं कसं? राऊटरला वीज द्या, पण अजून डब्याला जोडू नका. तळाच्या स्टिकरवर वायफायचं नाव, पासवर्ड आणि पानाचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. फोन त्या वायफायला जोडा आणि हा पत्ता ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाका. इथे बहुतेक नवखे अडकतात. वायफायमध्ये अजून इंटरनेट नाही हे फोनला कळतं आणि तो गुपचूप मोबाईल डेटावर उडी मारतो, मग पान उघडतच नाही. म्हणून आधी मोबाईल डेटा बंद करा. फोन विचारेल, इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवू का? हो म्हणा.

पान उघडलं की पहिल्यांदा तो ॲडमिन पासवर्ड मागतो. हा वेगळा आणि वायफायचा वेगळा, दोन्ही एकच ठेवू नका. ॲडमिनचा पासवर्ड फक्त तुमच्याकडे, वायफायचा पाहुण्यांपर्यंत जाणारच. वायफायचा पासवर्ड किमान बारा अक्षरांचा ठेवा आणि तो मोबाईल नंबर नको. पेठेत तुमचा नंबर किराणावाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ असतो. कनेक्शन तुमच्या नावावर आहे, त्यावरून कुणी काही उद्योग केला तर पहिली विचारणा तुमच्याकडे होते. हे घाबरवायला सांगत नाही, पण घरमालकांनी ते लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. भाडेकरू असतील किंवा येणारे-जाणारे फार असतील तर गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय) चालू करा आणि त्याचा पासवर्ड अधूनमधून बदला.

सुरक्षेच्या प्रकारात डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ (वायफायला कुलूप लावायच्या जुन्या-नव्या पद्धती) एकत्र असा पर्याय असेल तर तो निवडा. नुसता डब्ल्यूपीए३ ठेवला तर जुने फोन आणि प्रिंटर जोडले जात नाहीत. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने जोडायची सोय) बंद करा. बाहेरून राऊटर चालवायची रिमोट मॅनेजमेंटची सोय चालू असेल तर तीही बंद करा. राऊटरला नेट मिळालं की एकदा फर्मवेअर (राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट बघा. ते चालू असताना वीज जाता कामा नये, तेवढी वेळ निवडा.

खालच्या डब्याचं आणि वरच्या राऊटरचं वायफायचं नाव आणि पासवर्ड सारखाच ठेवा, म्हणजे जिना चढताना फोन आपोआप बदलतो. २.४ चे चॅनल मात्र वेगळे: खाली १ तर वर ६ किंवा ११. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. पान ४० सुचवत असेल तरी गर्दीच्या पेठेत २० च बरं. पुढे एखादा स्मार्ट प्लग किंवा कॅमेरा जोडताना अडलात तर त्याला बहुधा फक्त २.४ कळतो हे आठवा आणि तेवढ्यापुरता ५ चा पट्टा बंद करा.

थोडक्यात क्रम असा धरा. आधी जागा, मग फायबर आणि पॉवरचा आकडा, मग वरपर्यंत केबल, मग राऊटरचं पान. आणि त्यानंतर तपासणी.

तपासणी खालून वर करा. आधी लॅपटॉप लॅन केबलने थेट डब्याला लावून वेग मोजा. साधारण ९० ते ९५ एमबीपीएस दिसले की कनेक्शन ठीक आहे. मग डब्यासमोर उभं राहून ५ गिगाहर्ट्झवर मोजा, मग वरच्या खोलीत. लॅनवरच वेग कमी असेल तर केबलवाल्याला फोन. लॅनवर ठीक आणि वायफायवर कमी असेल तर प्रश्न घरातला आहे, त्याला फोन करून उपयोग नाही. २.४ वर ३०-४० च दिसले तर घाबरू नका, पेठेत ते तसंच असतं आणि मुलीच्या व्हिडिओ क्लासला ४-५ पुरतात. आणि १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, त्यामुळे डाउनलोड करताना दिसणारा आकडा बघून फसवलं असं समजू नका.

वीज. लाईट गेली तरी फायबर बहुधा चालू असते, फक्त तुमचा डबा आणि राऊटर झोपतात. घरात इन्व्हर्टर असेल तर दोन्ही प्लग त्याच्या लाइनवर घ्या. नसेल तर राऊटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो. घेताना अडॅप्टरवरचा व्होल्टेज बघा. बहुतेक १२ व्होल्ट असतात, पण काही ९ किंवा ५ चेही असतात, आणि जास्त व्होल्टेज दिलं तर यंत्र जळतं. अँपिअर अडॅप्टरइतका किंवा जास्त चालतो. खाली एक आणि वर एक, असे दोन लागतील हे धरून चला.

चैत्र-वैशाखात वळीव कडकडायला लागला की प्लग काढा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण काही बाहेरच्या फायबर वायरींना आधाराला पोलादी तार असते, ती घरात डब्यापर्यंत आणू देऊ नका, बाहेरच छाटून घ्यायला सांगा. तांब्याची लॅन केबल शेजारच्या इमारतीत किंवा उघड्या गच्चीवरून नेऊ नका. सांगलीकडचे कुणी हे वाचत असतील आणि घर कृष्णेच्या बाजूला गावभागात असेल, तर २०१९ आणि २०२१ चा पूर आठवून डबा पहिल्या मजल्यावरच घ्या आणि खालचा मजला केबलने जोडा. तिथे माझा क्रम उलटा होतो.

एक इशारा. नेट बंद पडलं की लोक सुईने रीसेटचं भोक दाबतात. तुमच्या राऊटरचं दाबलंत तर तुमचीच सेटिंग जाते, परत करता येते. कंपनीच्या डब्याचं कधीही दाबू नका. त्यात त्यांनी भरलेली माहिती पुसली जाते आणि बहुधा माणूस आल्याशिवाय डबा सुरू होत नाही. आधी डब्यावरचा एलओएस (फायबरचा संकेत येत नाही हे सांगणारा) दिवा बघा. तो लाल असेल तर बाहेर फायबर तुटलीय किंवा वाकलीय, घरात काही करण्यासारखं नाही. तो बंद असेल आणि पॉनचा (फायबर जोडलेली आहे हे सांगणारा) दिवा स्थिर असेल, तर दोन्ही यंत्रांची वीज काढा, आधी डबा सुरू करा, दोन मिनिटांनी राऊटर. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

डबा बसल्यावर त्याच्या मागच्या बाजूचा आणि राऊटरच्या तोंडांचा फोटो इथे टाका, पॉवरचा आकडाही लिहा. तुमच्या डब्याला कोणती केबल कुठे घालायची ते नेमकं सांगतो. फोटो टाकताना स्टिकरवरचा पासवर्ड झाकायला विसरू नका.